राघोची उडवी

आमच्या गावात चोरी वर्षातून एकदाच होते आणि ती ज्येष्ठ नागरिक करतात.

पूर्वी हे काम तरुण पोरांकडे होतं. धाकट्या होळीच्या, म्हणजे आदल्या दिवशीच्या, संध्याकाळपासून मोठ्या होळीला अग्नी लागेपर्यंत गावात जळण्याजोगं जे उघड्यावर दिसेल ते उचलायचं आणि होळीच्या ढिगावर नेऊन टाकायचं, असा रिवाज. मोडकं बाजलं, कुंपणाची खुंटं, कुणाच्या परसातली लाकडं, काहीही चालतं. एकदा ढिगावर पडलेली वस्तू परत मागता येत नाही. शिव्या मात्र पोटभर देता येतात, आणि त्या ऐकून घेणं हे चोराचं कर्तव्य समजलं जातं. पुढे खारबाव स्टेशनापासून खाडीपर्यंतच्या शेतांवर गोडाऊनं उभी राहिली, पोरं शिफ्टला लागली, आणि चोरीसाठी रजा मंजूर करणारा सुपरवायझर अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे परंपरा साठीच्या पुढच्या लोकांच्या गळ्यात पडली. ती ते नेटाने चालवतात. गुडघे बोलतात म्हणून हातगाडी सोबत नेतात, एवढाच काय तो बदल.

या टोळीचा प्रमुख राघो. त्याचा उजवा हात पंढरी, एसटीतला निवृत्त कंडक्टर. चोरीच्या वेळीसुद्धा पंढरी सगळ्यांना रांगेत उभं करतो आणि ‘पुढं सरका’ म्हणतो.

राघो शेतकरी आहे, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बहुतेक जमिनीवर गोडाऊन आहे आणि त्यात शहरात जाणारे फ्रिज उभे असतात. गोठा आहे, त्यात स्कूटर असते. दूध पिशवीचं येतं. पण दारात पेंढ्याची उडवी आहे, आणि उडवी म्हणजे साधीसुधी नव्हे. मधोमध उंच मेढ, तिच्याभोवती वर्तुळात रचलेला पेंढा, वरून शंकूसारखी निमुळती, आणि पावसाळ्यात तिच्यावर नव्या कोऱ्या प्लॅस्टिकचं इरलं. घरातली माणसं गळक्या ओटीवर बसतील, पण उडवी भिजणार नाही. गावातल्या इतर म्हाताऱ्यांच्या दारातही उडव्या आहेत, पण राघोची सगळ्यांत उंच. स्वतःच्या शेतातला पेंढा कमी पडायला लागला तेव्हापासून राघो दरसाल वज्रेश्वरीकडून टेम्पोने पेंढा मागवतो आणि उडवीची उंची कायम ठेवतो. त्या पेंढ्याला आजवर एकाही गुराने तोंड लावलेलं नाही.

आता रंगूबाई. राघोच्या थोरल्या भावाची बायको. नवरा गेल्यावर तिने दोन गोष्टी सोडल्या, मंगळसूत्र आणि दुसऱ्याचा सल्ला. कापणी झाली की पेंढ्याला कुणी वाली नसतो, लोक शेतातच काडी लावतात, आणि आठवडाभर गाव खोकत असतं, हे ती वर्षानुवर्षं बघत आली होती. मग तिने बचत गटातल्या बायका जमवल्या, गावातल्या बंद पडलेल्या भातगिरणीची शेड भाड्याने घेतली आणि तिथे एक यंत्र आणून बसवलं. यंत्रात एका बाजूने चिरलेला पेंढा आणि भाताचा तूस घालायचा, दुसऱ्या बाजूने दाबून घट्ट झालेल्या, मनगटाएवढ्या जाड कांड्या बाहेर पडतात. बॉयलरच्या भट्टीत लाकडाऐवजी त्या जाळायच्या. त्यांना पांढरा कोळसा म्हणतात. त्या पांढऱ्या नसतात आणि कोळसाही नसतात. नाव ठेवणारा बारशाला उशिरा पोचला असावा.

यंत्र चालवायची रीमा. ती राघोची सून. सासरा उडवी राखायचा आणि सून पेंढा चिरायची, आणि दोघं रात्री एकाच पंगतीत जेवायची.

रंगूबाईने राघोकडे उडवी मागितली नव्हती असं नाही. दिवाळीनंतर मागितली होती. राघो म्हणाला, पेंढा राबाला लागतो. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, पाला, पेंढा पसरून जमीन भाजतात तो. रंगूबाईने विचारलं, राब भाजणार कुठे, फ्रिजखाली? तेव्हा राघोने खरं कारण सांगितलं.

“दारात उडवी न्हाय तो शेतकरी कसला, वयनी? उद्या इशालच्या पोराला सोयरीक आली तर मानसा काय बगतील?”

विशाल म्हणजे राघोचा मुलगा, रीमाचा नवरा. त्याचा पोरगा तेव्हा बालवाडीत होता.

रंगूबाईने उडवीचा नाद सोडला. तिने आजूबाजूच्या गावांतून पेंढा गोळा केला, त्यातला बराचसा एका अवकाळी सरीने भिजवला, आणि उरलेल्याच्या कांड्या पाडून पोती भरून ठेवली. पोती पुरेशी होती, वर एकही नाही. कारण भिवंडीतल्या मितेशशेठशी बोलणं झालं होतं.

मितेशशेठची सायझिंग आहे. लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावतात आणि वाफेवर वाळवतात, तो हा कारखाना. वाफ कमी पडली की सूत ओलं राहतं आणि अख्खा बीम, म्हणजे सुताचा भलामोठा रूळ, वाया जातो, त्यामुळे शेठचा देवानंतर विश्वास बॉयलरच्या प्रेशरच्या काट्यावर. तो रंगूबाईला म्हणाला होता, धुलिवंदनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पूर्ण शिफ्ट तुमच्या कांड्यांवर चालवू. काटा पडला नाही, तर वर्षभर तुमचाच माल. पडला, तर लाकूडवाला गेटवर उभाच आहे. तिकडे गिरणीच्या मालकाला शेड गोडाऊनसाठी हवी होती, आणि होळीनंतर काय ते सांगा, असा त्याचा निरोप येऊन पडला होता. म्हणजे त्या एका शिफ्टवर यंत्र राहणार की जाणार ते ठरायचं होतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. राघोलाही.

तरीही धाकट्या होळीच्या संध्याकाळी राघोच्या टोळीने गिरणीच्या ओट्यावरची सगळी पोती हातगाडीवर घातली आणि होळीच्या मैदानात नेली.

यात दुष्टावा नव्हता, हे नमूद केलं पाहिजे. गेल्या वर्षी आमची होळी जेवणं उरकायच्या आत विझली होती आणि पलीकडच्या पाड्यातले लोक वर्षभर त्यावरून बोलत होते. राघोला यंदा सकाळपर्यंत धगधगणारी होळी हवी होती. पोती उघड्यावर होती आणि जळण्यासाठीच केलेली होती. नियमात बसणारी इतकी स्वच्छ चोरी त्याच्या उभ्या कारकिर्दीत झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाई मैदानात आली तेव्हा पोती ढिगाच्या तळाशी गेली होती, वर लाकडं रचून झाली होती आणि ढिगापुढे नारळही फुटला होता. टोळी वडाखाली चहा पीत बसली होती. शिव्या खायच्या तयारीने सगळ्यांनी कप खाली ठेवले.

रंगूबाईने शिव्या दिल्या नाहीत. तिथेच टोळीला पहिली शंका यायला हवी होती.

ती राघोसमोर बसली आणि म्हणाली, पोती होळीची झाली, त्याबद्दल बोलणं नाही; पण मी बाई माणूस, मला हा रिवाज कधी कुणी नीट सांगितलाच नाही. राघोला हे ऐकून बरं वाटलं. त्याला रिवाज विचारणारं माणूस बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं.

“चोरी कोन करू शकतो, भावोजी?”

“गावचा कोनपन.”

“बाईपन?”

राघोने पंढरीकडे पाहिलं. पंढरीने वडाकडे पाहिलं. बायकांना मनाई आहे असं कुणी कधी सांगितलेलं दोघांनाही आठवेना. राघो म्हणाला, न्हाय म्हणून काय न्हाय.

“कवरपर्यंत?”

“मोठे होलीला आग लागतंय तवरपर्यंत.”

“आन चोरलेला आपलेच होलीत टाकाय लागतो?”

इथे राघो खुलला. तो म्हणाला, होळी ती होळी, तिला गावाची शीव नसते. तरुणपणी आपण खाडीपलीकडची लाकडं आणून इथे जाळली आणि इथली तिथे नेऊन जाळली. “होलीत जलला पायजे, बस. कंची होली ते कोन इचारतंय.”

रंगूबाई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, बरं झालं सांगितलंत.

दुपारी टोळी झोपली. आदल्या रात्रीची दगदग होती, वर पुरणपोळी झाली होती. राघो ओटीवर पसरला. उडवी त्याच्या पायापासून हाकेच्या अंतरावर.

टेम्पो विशालचा, पण विशाल ड्युटीवरून येऊन आत घोरत होता, आणि किल्ली रीमाकडे असते. रीमा टेम्पो चालवते हे सासऱ्याला माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलं नव्हतं. तिने तो पहिल्यांदा पंढरीच्या अंगणात घातला. गल्ली अरुंद, टेम्पो मागे घ्यायचा होता. रिव्हर्सचा आवाज ऐकून बाजल्यावर झोपलेल्या पंढरीचा हात आपोआप वर गेला. डोळे मिटलेलेच. “येऊ दे… येऊ दे… डावीकडं घे… येऊ दे… बास,” म्हणाला, बाजल्याच्या लाकडावर दोनदा टकटक केलं आणि कूस बदलली. टेम्पो त्याच्या उडवीला जेमतेम हात अंतरावर थांबला. रीमा अजून सांगते, एवढं चांगलं रिव्हर्स तिला पुन्हा कधी जमलं नाही.

दिवसाढवळ्या चोरी करण्यात एक सोय असते. पाहणाऱ्याला ती कामासारखी दिसते. डोक्यावर भारे घेऊन ओळीने चाललेल्या बायकांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. बायका कामच करत असतात. टोळीतल्या एकूण एक म्हाताऱ्याची उडवी उतरली. राघोची शेवटी ठेवली होती. तिला वरून खाली, थराथराने, रीमाने स्वतः हात लावला. आतला पेंढा सोन्यासारखा होता, उन्हात भाजलेल्या पापडासारखा कुरकुरीत. भारे उचलताना एक काडी राघोच्या मिशीवर पडली. त्याने ती झोपेतच झटकली.

राघोला जाग आली तेव्हा अंगणात नुसती मेढ उभी होती, आणि तिच्यावर एक कावळा.

तो आरडाओरडा करणारा माणूस नाही. तो चहा प्याला, टोपी घातली आणि गिरणीकडे गेला. आत यंत्र सुरू होतं. बायका पेंढा चिरत होत्या, रीमा कांड्या उचलत होती, आणि रंगूबाई दारात मोकळी पोती झटकत होती.

राघो म्हणाला, चोरी मान्य आहे, चोरी चांगली झाली, पण माल होळीवर आलेला नाही. म्हणून तो परत द्यावा लागेल.

“होलीवरच चाललाय,” रंगूबाई म्हणाली. “माजी होली परवा सकालची हाय. मितेशशेठच्या सायझिंगमधी.”

“तो बॉयलर हाय, वयनी.”

“होलीला काय काय लागतंय, भावोजी?”

 आपल्याला कुठे नेलं जातंय हे आता राघोला कळत होतं, पण रिवाज विचारल्यावर खोटं सांगणं त्याच्या स्वभावात नाही. त्याने बोटं मोडत सांगितलं, खड्डा लागतो, अग्नी लागतो, नारळ, नैवेद्य, पाच फेरे, आणि बोंब.

“खड्डा शेठचा. नारल, नैवेद माजा. फेरं आन बोंब तुमची. रीत चुकली तर पेंढा तुमचा, मी सोता आनून उडवी रचून देतंय.”

आणि आत जाता जाता तिने जोडलं, “पन जलला, तर पुढं दरसाल आमी मागाय येनार न्हाय. डायरेक न्यायला येनार.”

त्या संध्याकाळची मोठी होळी गावाच्या लक्षात राहिली. लाकडं लवकर खाली बसली, पण तळातल्या कांड्यांनी जो जोर धरला तो सकाळपर्यंत सोडला नाही. ज्वाळा उभी, सरळ, आणि धूर जवळजवळ नाही. पलीकडच्या पाड्यातले लोक बघायला आले आणि काही न बोलता गेले, यात राघोला जे हवं होतं ते मिळालं होतं. पण तो होळीकडे पाहतच नव्हता. पंढरीने कुरकुर केली की डोळ्यांतून पाणी आलं नाही तर होळी केल्यासारखं वाटत नाही. राघो म्हणाला, परवा येईल.

धुलिवंदनाला गाव रंगलं आणि गिरणीतल्या बायका तुसाने माखल्या. संध्याकाळी पोती भरून झाली.

ठरल्या दिवशी सकाळी सायझिंगच्या गेटवर आधी रंगूबाई आणि रीमा कांड्यांचा टेम्पो घेऊन आल्या आणि मागून रिक्षांतून संपूर्ण टोळी उतरली. टोप्या धुतलेल्या, हातात नारळ. मितेशशेठला वाटलं वर्गणी आहे. त्याने खिशात हात घातला. रंगूबाईने समजावलं की हे पेंढ्याचे मूळ मालक आहेत, आणि होळीची रीत पाळली जाते की नाही ते बघायला आले आहेत. शेठ धार्मिक माणूस. मशिनला तो रोज उदबत्ती लावतोच, त्यामुळे बॉयलरची पूजा त्याला वावगी वाटली नाही. फक्त बॉयलर सांभाळणाऱ्या जीवनला त्याने बाजूला घेऊन विचारलं की ह्यात काही धोका तर नाही ना.

“पूजा से प्रेशर नहीं गिरता, सेठ,” जीवन म्हणाला.

जीवनने भट्टी पेटवली, नारळ फुटला, पुरणपोळीचा तुकडा आगीत गेला. फेऱ्यांपाशी अडलं. बॉयलरची मागची बाजू भिंतीला टेकलेली. राघो म्हणाला, फेरा अर्धा मारता येत नाही. मग टोळी दारातून बाहेर पडली, अख्ख्या सायझिंगला वळसा घालून, चहाच्या टपरीसमोरून, शेजारच्या लूमच्या खिडक्यांखालून परत बॉयलरपाशी आली. अशी पाच वेळा. टपरीवाल्याने तिसऱ्या फेरीला विचारलं की साहेब, काही शोधताय का.

राहिली बोंब. ती राघोने मारली. तोंडावर पालथा हात, आणि त्या उडवीचं सगळं दुःख त्यात. मागून टोळीने साथ दिली. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज असा घुमला की शेजारच्या लूमचे कामगार माग बंद करून रस्त्यावर आले, बॉयलर फुटला म्हणून. शेठ त्यांच्या आधी तिथे पोचला होता. फुटलं काही नाही हे कळल्यावर तो शर्ट नीट करत आत आला आणि म्हणाला, चलो, शिफ्ट चालू करो.

रीत पुरी झाली. आता उरला काटा.

टोळी घरी जाईल असं रंगूबाईला वाटलं होतं. ती गेली नाही. सगळे भिंतीशी ओळीने उकिडवे बसले आणि काट्याकडे बघू लागले. पहिला बीम चांगला उतरला. दुसराही. जीवन कांड्या टाकत होता, रंगूबाई पदराने घाम पुसत होती, आणि शेठ मोबाइलवर बोलताना एक डोळा घड्याळावर आणि एक काट्यावर ठेवत होता. गेटवर लाकूडवाल्याचा माणूस खरंच उभा होता.

जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास काटा हलला. खालच्या बाजूला. जीवनने भट्टीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, पेंढ्याची राख जाळीला चिकटलीय, हवा वर येत नाही. त्याने लांब सळई घातली आणि राखेच्या खपल्या फोडायला सुरुवात केली. काटा आणखी उतरला. शेठने फोन बंद केला. त्याने गेटकडे बघितलं. रंगूबाईने ते पाहिलं.

“रीमा,” ती म्हणाली, “निशानी केलेली पोती घे.”

रीमाने बाजूला ठेवलेली पोती ओढून आणली. त्यांच्या तोंडाला लाल दोरा होता. सुनेने सासऱ्याचा पेंढा वेगळा दाबला होता आणि वेगळा भरला होता. ओल नावाला नाही, तूस जास्त, आणि इतक्या वर्षांचं ऊन आत मुरलेलं. जाळी मोकळी झाली, जीवनने त्या कांड्या टाकल्या आणि झडप उघडली. भट्टीने एकदम आवाज बदलला. काटा थोडा थांबला, मग वर सरकला, आणि सरकत सरकत जिथे असायला हवा तिथे जाऊन बसला. पुढे जीवन दर थोड्या वेळाने जाळी खरवडत राहिला, आणि शिफ्टचा भोंगा होईपर्यंत काटा तिथून हलला नाही.

शेठने शेवटच्या बीमवरचं सूत बोटांनी चोळून पाहिलं. कोरडं होतं. तो रंगूबाईसमोर आला, हात जोडले आणि म्हणाला, “मावशी, साल भर. लेकिन माल ऐसाच पाहिजे. लास्टवाला.”

“मिलेल,” रंगूबाई म्हणाली, आणि भिंतीशी बसलेल्या रांगेकडे पाहिलं. रांग तिच्याकडे बघत नव्हती.

राघो उठला होता. तो भट्टीच्या दाराशी गेला, वाकला, आणि आतल्या लालबुंद कांड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला.

“ह्यातली माजी कंची, बाला?” त्याने विचारलं.

जीवनने सळईने एक कांडी दाखवली. “ये वाली, चाचा. सबसे लाल.”

राघोने मान डोलावली आणि बाजूला झाला. मग पंढरी पुढे आला आणि त्यानेही तेच विचारलं. जीवनने त्यालाही एक दाखवली. मग टोळीतला तुळशीराम. मग बाकीचे, रांगेत, पंढरीने लावलेल्या. जीवनने प्रत्येकाला सगळ्यांत लाल कांडी दाखवली, आणि एकालाही दुसऱ्याची दाखवली नाही.

गिरणीची शेड गोडाऊनला गेली नाही. यंदा कापणीनंतर आमच्या गावाने शेतात काडी लावली नाही. खोकला आला तो सर्दीचा. रंगूबाई राघोच्या दारात पेंढा मागायला गेली नाही, पण न्यायला जायचीही वेळ आली नाही. राघोने वज्रेश्वरीहून नेहमीप्रमाणे टेम्पो मागवला आणि ड्रायव्हरला वाटेतच सांगितलं की परस्पर गिरणीत खाली कर, पोत्यांना लाल दोरा बांधायला सांग.

अंगणात आता नुसती मेढ आहे. राघो ती काढू देत नाही. परवा अंजूरहून कुणी पाहुणे आले होते, पंढरीच्या नातीच्या सोयरिकीचं विचारायला. वाटेत राघोच्या ओटीवर टेकले, मेढीकडे पाहिलं आणि कुणीतरी सहज विचारलं की दादा, उडवी कुठे दिसत नाही.

“भिवंडीला,” राघो म्हणाला. “डूटीवर.”